कुंपणावरचा पोपट

उंद्रीच्या गोकुळ भुतेकरांना देवाने दोन डोळे दिले आहेत, आणि दोन्ही रस्त्याच्या कडेला पाहण्यासाठी. समोर पाहायचं काम त्यांची मोटारसायकल आपल्या जबाबदारीवर करते. चिखलीच्या बेकरीतून पहाटे टोस्ट, खारी, पाव आणि नानकटाई भरायची आणि गावोगावच्या किराणा दुकानांत माल टाकत जायचं, हा त्यांचा जुना धंदा. गाडीच्या दोन्ही बाजूंना पत्र्याच्या दोन पेट्या बोल्टने कायमच्या आवळलेल्या. माल ताजा, माणूस गोड. तक्रार एकच, पाव उशिरा येतो. गिऱ्हाईक चहाचा कप घेऊन ओट्यावर बसलेलं असतं, चहावर साय धरते, सायीवर माशी बसते, आणि गोकुळभाऊ तिकडे कुठल्यातरी बांधावर उकिडवे बसून वांग्याचा फोटो काढत असतात. वांग्याला नाक आलेलं असतं.

"वांग्याले नाक काय रोज येते का?" हे त्यांचं उशिराचं कारण. यावर दुकानदार मुकाट्याने पाव मोजून घेतात.

हे फोटो फेसबुकवर 'पाह्य बे!' नावाच्या पानावर जातात. वऱ्हाडात शेजारच्याला कोपराने ढोसून काहीतरी दाखवायचं असलं की माणूस असंच म्हणतो. त्या पानावर काय नाही? बसथांब्याच्या सावलीत बाकावर ओळीने बसलेल्या शेळ्या आणि बाहेर उन्हात उभे असलेले प्रवासी. शेळ्यांच्या तोंडावर तिकीट काढल्याचा आत्मविश्वास. ऐन बैठकीत विजेचा खांब आलेलं घर, आणि त्या खांबाला दोरी बांधून वाळत घातलेले टॉवेल. टीव्हीच्या छत्रीत वाळणारे सांडगे. बंद पडलेल्या फ्रिजला कुलूप लावून त्यात बियाणं ठेवणारा शेतकरी. हेल्मेटमध्ये अंड्यांवर बसलेली कोंबडी, आणि त्याखाली ओळ : 'मालक म्हणते, हे उठली का घालतो.'

जिल्हाभरातले हजारो लोक रोज सकाळी दात घासायच्या आधी हे पान उघडतात. पण ते चालवतं कोण, हे कोणालाच ठाऊक नाही. सुरुवातीला गोकुळभाऊंनी एक फोटो स्वतःच्या नावावर टाकला होता. त्यात एका दुकानदाराच्या वजनकाट्यावर मांजर झोपलेलं होतं. काट्याने दाखवलेलं वजन लोकांनी वाचलं, मांजराचं खरं वजन किती असावं यावर चर्चा झाली, आणि त्या दुकानदाराने टोस्ट घेणं बंद केलं. तेव्हापासून भाऊंचे नियम पक्के झाले. आपलं नाव नाही, माणसाचं तोंड नाही, गावाचा पत्ता नाही. हसायचं ते वस्तूला. हे गुपित घरात दोघींनाच माहीत : बायको जयमाला आणि मुलगी राखी.

तरी एक गोष्ट त्यांच्याकडून झाकली जात नसे. सकाळची वेळ, ऊन पाठीमागून, त्यामुळे फोटोच्या एका कोपऱ्यात त्यांच्या गाडीची सावली यायचीच. दोन बाजूंना दोन पेट्या आणि वर आरशांचे दोन कान. हुबेहूब ओझ्याचं गाढव. चाहते वांग्याच्या आधी गाढव शोधायचे. 'आज गाढव हजर', 'गाढवाचा डावा कान वाकडा झाला हो', अशी विचारपूस चालायची. गोकुळभाऊंना याचा इतका आनंद, की ते आता गाडी मुद्दाम तिरपी लावू लागले होते.

पानावर चाहत्यांचेही फोटो येत. त्यात 'काळ्या आईचा लेक' नावाचा एक गृहस्थ होता. स्वतःच्या चेहऱ्याच्या जागी गुलाबाचं फूल. हा भला माणूस वर्षभर नेमाने फोटो पाठवत होता आणि प्रत्येक फोटोत विषयापेक्षा त्याचा अंगठा मोठा असायचा. काळ्या पडलेल्या नखाचा, जाडजूड. एकदा त्याने 'दोन तोंडाचं वासरू' म्हणून फोटो पाठवला. त्यात अंगठा होता आणि वासराची शेपटी होती. गोकुळभाऊ घरात त्याला 'अंगठेबहाद्दर' म्हणत, रोज हसत, आणि त्याचा एकही फोटो टाकत नसत.

राखीचं लग्न साखरखेर्ड्याच्या दीपकशी ठरलं होतं. राखी चिखलीत रक्त तपासायच्या लॅबमध्ये, दीपक तिथेच एका औषधाच्या दुकानात. दोघांनी एकमेकांना आधीच पसंत करून ठेवलं होतं आणि मग आईबापांना शोध लावू दिला. साखरपुडा थाटात झाला. तुळशीचं लग्न लागलं की यांचं लावायचं, असं ठरलं. दीपकचे वडील हिंमतराव म्हणजे दिलदार माणूस. भरपूर मिश्या, भरपूर आवाज. साखरपुड्यापासून ते रोज सकाळी गोकुळभाऊंना फोटो पाठवायचे. कोणते? अर्थात 'पाह्य बे!'वरचे.

"इवाई, पाहा बरं ह्या हलकटानं आज काय टाकलं! कोंबडी हेल्मेटात!"

व्याह्याने आपलाच विनोद आपल्याला समजावून सांगावा आणि आपण "वा! काय डोकं हाय हो ह्या माणसाचं!" असं लिहून पाठवावं, यासारखं सुख गोकुळभाऊंना आयुष्यात लाभलं नव्हतं. जयमालाबाई म्हणायच्या, "सोताची आरती सोताच ओवाळून राह्यले. घंटी तेवढी घ्या हाती."

असं सगळं गुण्यागोविंदाने चाललेलं असताना, साखरखेर्ड्याच्या लाईनवर पाव टाकणारा माणूस गाडीवरून घसरून घरी बसला आणि आठवडाभर ती लाईन गोकुळभाऊंकडे आली. नवा रस्ता म्हणजे नवी कड. पहिल्याच दिवशी त्यांनी दहा ठिकाणी गाडी थांबवली. अकराव्या ठिकाणी मक्याचं शेत होतं.

तिकडे रानडुकरं आणि रोही पिकात फार घुसतात. रोही म्हणजे नीलगाय. दिसायला गाय, वागायला दरोडेखोर. तारेचं कुंपण परवडत नाही, म्हणून लोक शेताभोवती जुन्या साड्या बांधतात. वाऱ्याने साडी हलली की जनावर बिचकतं. घरोघरच्या बायकांचं निम्मं आयुष्य त्या कुंपणावर फडफडत असतं : डोहाळजेवणाची हिरवी, बारशाची गुलाबी, सगळ्या उन्हाने विटलेल्या. पण या शेताला विटलेल्या साड्यांच्या मध्येच एक कोरी करकरीत, आंबा रंगाची, जरीच्या काठाची साडी बांधलेली. घडीची मोड तशीच. पदरावर पोपटांची रांग. आणि दुकानाचं कागदी लेबल अजून लटकलेलं!

गोकुळभाऊंच्या अंगावर काटा आला. नाकाचं वांगंसुद्धा यापुढे पाणी भरेल. त्यांनी वाकून, बसून, शेवटी बांधावर आडवं पडून फोटो काढला. गाढव कोपऱ्यात व्यवस्थित आलं. खाली ओळ टाकली : 'रोह्याच्या घरी लगन हाय. मानपानात कसर नाही.'

दुपारपर्यंत तो फोटो बुलढाणा, मेहकर, लोणार फिरून परत गोकुळभाऊंच्याच मोबाईलवर चार गटांमधून आला. लोक फोटो मोठा करकरून पाहत होते. कोणीतरी लिहिलं, 'पदरावरच्या तिसऱ्या पोपटाले डोळाच नाही!' मग सगळे त्या पोपटाच्या मागे लागले.

घरी आले तेव्हा जयमालाबाई चुलीपुढे नव्हत्या, टीव्हीपुढे नव्हत्या. ओसरीत खांबाला टेकून बसल्या होत्या आणि हातात राखीचा मोबाईल होता.

"हे साडी कुठं बांधेल होती?"

"साखरखेर्ड्याच्या रस्त्याले. काऊन?"

"काऊन म्हणते! अवो, साखरपुड्याले इहीनबाईले आपण कोणती साडी देल्ली?"

गोकुळभाऊंना वांग्याचं नाक महिनोन्महिने लक्षात राहतं. साडी राहत नाही. "पिवळी होती ना कायतरी?"

"आंब्या कलरची. पोपटाची. तीन दुकानं पालथी घालून घेतली मी. तिसऱ्या पोपटाले डोळा नव्हता म्हणून दुकानदारानं पैसे कमी केले. मी म्हटलं, पदराच्या चुण्यात जाईन, कोण पाह्यते! आता सारा जिल्हा पाहून राह्यला!"

गोकुळभाऊंनी फोटो मोठा करून पोपट मोजले. म्हणजे ते शेत व्याह्यांचं. म्हणजे व्याह्यांच्या कुंपणाला आपण दिलेला आहेर. आणि त्याची जिल्हाभर वरात काढणारे आपण स्वतः.

जयमालाबाईंच्या मनात एकाच वेळी दोन चुली पेटल्या होत्या. एकीवर राग होता : "माह्या मानाच्या साडीनं डुकरं हाकलून राह्यले! अशा घरी माही पोट्टी देऊ का?" दुसरीवर लाज होती, आणि ती जास्त चटके देत होती : "इहीनबाईनं डोळा पाह्यला असन. म्हणून बांधली कुंपणाले. आपणच आंधळा पोपट देल्ला, तर तिनं तरी काय करावं?" राग वर आला की त्या लग्न मोडायला निघत; लाज वर आली की पदराने डोळे पुसत.

राखी लॅबमधून आली. तिने रोज इतक्या लोकांना सुई टोचलेली, की आरडाओरडीचं तिला काही वाटत नसे. पण आज तिचाही चेहरा उतरला. "बाबा, फोटो काढून टाका."

"टाकला बाई काढून. पण लोकायच्या मोबाईलमधून कसा काढू?"

तेवढ्यात फोन वाजला. हिंमतराव! त्यांचा आवाज स्पीकर न लावताही तिघांना ऐकू येतो.

"इवाई! तो 'पाह्य बे'वाला हलकट! माझ्याच शेताचा फोटो टाकला त्यानं! सारा गाव मला विचारून राह्यला, कोण्या रोह्याचं लगन हाय म्हणून! आमच्या घरात तर रामायण चालू हाय. तुम्ही गावोगाव फिरता, त्याला हुडकून काढा. तंगडं मोडतो त्याचं!"

"हाव... हुडकतो ना," गोकुळभाऊ म्हणाले आणि नकळत आपल्या तंगड्या मांडीखाली घेतल्या.

"अन् आम्ही परवा येऊन राह्यलो. बस्त्याचं बोलायचं हाय. दीपकची आईपण येईल. तिला तुमच्या मंडळींशी काही बोलायचं हाय."

काही बोलायचं हाय! लग्नाचे कपडे घ्यायला कोणत्या दिवशी जायचं एवढंच ठरवायचं, तर इहीनबाईंना 'काही' कशाला बोलायचं असेल? दोन दिवस भुतेकरांच्या घरात याच एका शब्दाचा कीस पडला. राखी दीपकला फोन करे, तर तो म्हणे, "आई काही सांगत नाही. फक्त बाबांकडं पाहून दात खाते." गोकुळभाऊंनी दोन दिवस एकही फोटो काढला नाही. पाव वेळेवर पोचला. लोकांच्या घरी चहा तयार नव्हता, त्यामुळे बोलणी बसली ती बसलीच.

तिसऱ्या दिवशी, ऊन कलायला लागलं तेव्हा, पाहुणे आले. लग्नघर म्हणून अंगणाच्या भिंतीला नुकताच चुना मारला होता. हिंमतराव पुढे होते, मिश्यांसकट. मागून दीपकची आई, सत्यभामाबाई. त्यांना पाहून जयमालाबाई पाण्याचा तांब्या घेऊन ओसरीतच थांबल्या.

सत्यभामाबाई तीच साडी नेसून आल्या होत्या. आंबा रंग, जरीचा काठ. धुतलेली, इस्त्री केलेली, आणि जिथे कुंपणाच्या खुंटाने खोंच लागली होती तिथे बारीक रफू.

"इहीनबाई," त्या उंबऱ्यातच थांबल्या, "पाणी नंतर द्या. आधी मला बोलू द्या, नाहीतर घोट उतरणार नाही."

मग त्यांनी जे सांगितलं ते असं : घरात दोन गाठोडी होती. एक कुंपणासाठी काढलेल्या जुन्या साड्यांचं, एक लग्नाच्या आहेराच्या नव्या साड्यांचं. त्या लोणारला बहिणीकडे गेल्या होत्या. रात्री डुकरांनी कुंपणाचा एक कोपरा पाडला. सकाळी हिंमतरावांनी उचललं गाठोडं आणि निघाले शेतात.

"आता ह्या माणसाला नवी-जुनी कळावी की नाही?" त्यांनी नवऱ्याकडे बोट दाखवलं. "म्हणतो, साडी म्हणजे साडी, हलली म्हणजे झालं! मला पत्ताच नाही. तो फोटो आला तेव्हा पोपट ओळखला मी. तशीच बहिणीच्या घरून गाडी करून शेतात गेले. ही वर दिसत होती, बाकी सहा आतल्या अंगानं बांधून ठेवल्या होत्या! एक दिवस अजून गेला असता तर आहेराच्या चिंध्या झाल्या असत्या. तुमच्या मानाची साडी, इहीनबाई... मला रात्रभर झोप नाही. तुम्ही काय म्हणाल, इहिणीनं माझ्या साडीला असं केलं!"

जयमालाबाई म्हणाल्या, "अवो, मले वाटलं, तुमी पोपट पाह्यला..." आणि तोंडावर हात ठेवला.

"पोपट पाह्यला ना!" सत्यभामाबाईंनी पदर पुढे ओढला. तिसऱ्या पोपटाच्या डोळ्याच्या जागी त्यांनी एक बारकी काळी टिकली चिकटवली होती. तो आता बाकीच्यांपेक्षा जास्त हुशार दिसत होता. "तुमच्या राखीसारखा तेज दिसते का नाही?"

दोन्ही विहिणी एवढ्या हसल्या की टिकली पडली, आणि मग दोघी मिळून ओसरीभर पोपटाचा डोळा शोधू लागल्या.

"त्या फोटोवाल्याचं भलं होवो," सत्यभामाबाई खाली वाकून म्हणाल्या. "भेटला तर साखर भरवीन त्याच्या तोंडात."

"अन् मी तंगडं मोडीन!" हिंमतराव गरजले. "एवढा हसा झाला माझा!"

गोकुळभाऊ साखर आणि तंगडं यांच्या मधोमध, हातात पोह्यांची ताटली घेऊन उभे होते. बोलावं की बोलू नये? राखी त्यांच्याकडे पाहत होती. घसा खाकरून त्यांनी तोंड उघडलं, पण हिंमतराव त्यांच्याकडे पाहतच नव्हते. ते अंगणातल्या भिंतीकडे पाहत होते.

ऊन अगदी खाली आलं होतं. अंगणात उभ्या असलेल्या मोटारसायकलची सावली नव्या चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवर पडली होती : दोन पेट्या, वर दोन कान, डावा थोडा वाकडा. एवढं रेखीव गाढव फेसबुकवरसुद्धा कधी आलं नव्हतं.

हिंमतराव उठले. भिंतीजवळ गेले. गाडीकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. गोकुळभाऊंनी घरातली प्रत्येक गोष्ट लपवली होती, मोबाईल तर तांदळाच्या डब्यात ठेवला होता. सूर्याचं त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. हिंमतरावांनी खिशातून आपला मोबाईल काढला, लांब धरला, फोटो काढला आणि व्याह्यांच्या नाकासमोर आणला.

"हे गाढव कोणाचं, इवाई?"

गोकुळभाऊंनी फोटो पाहिला. गाढव अर्धंच होतं. उरलेल्या जागेत एक जाडजूड अंगठा होता. नख काळं. त्यांनी फोटोवरून नजर काढून हिंमतरावांच्या हाताकडे नेली, हातावरून मिश्यांकडे नेली, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अंगठेबहाद्दर!"

"काय?"

"काळ्या आईचा लेक... गुलाबाचं फूल... तुमी हाय?"

आता घाबरायची पाळी हिंमतरावांची होती. बायकोला माहीत नसलेली गोष्ट अशी भर अंगणात निघाली. सत्यभामाबाईंनी वर पाहिलं. "गुलाबाचं फूल कोण?"

हिंमतराव तिकडे लक्ष न देता व्याह्यांवर सरसावले. आवाज चढला, पण त्यात आता साडी नव्हती, शेत नव्हतं, गावात झालेलं हसंही नव्हतं. "म्हणजे तुम्हीच ते! वर्ष झालं मी फोटो पाठवून राह्यलो! दोन तोंडाचं वासरू पाठवलं! एकपण टाकला नाही! काहून?"

"इवाई, वासरू दिसून नव्हतं राह्यलं..."

"माझं वासरू तुम्हाला दिसलं नाही, अन् बायकोची साडी बरोबर दिसली?"

गोकुळभाऊंनी पोह्यांची ताटली ठेवली आणि हात जोडले. "चुकलं माहं. मले शेत तुमचं हाय हे माहीत नव्हतं. पण तोंड लपवून बसलो दोन दिवस, हे जास्त चुकलं. तंगडं मोडायचं असन तर मोडा. फक्त लगन झाल्यावर मोडा, मले वरातीत नाचायचं हाय."

हिंमतरावांनी त्यांच्या तंगड्यांकडे पाहिलं. मिश्या हलल्या. आधी डावी, मग उजवी, मग पोट हलायला लागलं आणि शेवटी ते भिंतीवरच्या गाढवाला टेकून हसत सुटले. नव्या चुन्याने त्यांची पाठ पांढरी झाली. "कोंबडी हेल्मेटात!" ते मधूनच म्हणत. "रोज तुम्हालाच पाठवत होतो मी! तुम्हालाच समजावून सांगत होतो! अन् तुम्ही म्हणता, काय डोकं हाय!"

सत्यभामाबाईंनी साखरेची चिमूट आणून गोकुळभाऊंच्या तोंडात भरली आणि नवऱ्याला म्हणाल्या, "तंगडं राहू द्या. पोहे खा. गुलाबाचं घरी गेल्यावर पाहते मी." बस्त्याचा दिवस जयमालाबाईंनी आणि त्यांनी दोघींनीच ठरवून टाकला. पुरुषांना साडी कळत नसल्यामुळे त्यांनी दुकानात येऊ नये, असंही ठरलं.

निघताना हिंमतराव गाडीजवळ घुटमळले. कानाशी येऊन, म्हणजे शेजारच्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात, म्हणाले, "इवाई, तो आत्ताचा टाकता का? गाढवाचा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी 'पाह्य बे!' पुन्हा सुरू झालं. पांढरी भिंत, अर्धं गाढव आणि एक भलामोठा अंगठा. गोकुळभाऊंनी कातरकूतर करून अंगठा काढायचा विचार केला होता, पण मग अर्धं गाढवही जात होतं, म्हणून राहू दिला. खाली ओळ : 'फोटो : आमचे इवाई.'

ते साखरखेर्ड्याच्या अलीकडे एका विहिरीपाशी थांबले होते. विहिरीच्या कठड्यावर सहा माकडं आंघोळीच्या रांगेत असल्यासारखी बसली होती. तेवढ्यात फोन वाजला.

"इवाई! पाह्यलं का? लोक विचारून राह्यले, गाढवाच्या मागचा हा डोंगर कोणता म्हणून! डोंगर! मी लिहिलं, आमच्या शेताकडचा हाय!"

"बरं केलं," गोकुळभाऊ म्हणाले आणि फोन खांद्यात धरून गाडी जरा तिरपी केली, म्हणजे कान नीट येतील. पुढच्या गावात ओट्यावर चहा थंड होत होता.